ओला रंग

३ नोव्हेंबर
डोंगरकड्याच्या शाळेत बदली झाली आणि लॉटरीच लागली! मागच्या गल्लीतल्या कनीजआपा तैलचित्रं काढतात. त्यांच्या ओसरीवरच्या म्हातारबाबांना मी वाकून नमस्कार केला. ते चित्र निघालं. माझी बायको साधना पोट धरून हसली. उद्यापासून शिकवणी म्हणालो, तर ती म्हणते, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

९ नोव्हेंबर
साधनालाच समोर बसवलंय. आधी तपकिरी सावल्या, त्या वाळल्या की वर कातडीचा रंग. जवसाच्या तेलातला रंग वाळायला आठवडा घेतो आणि इथे माझा जीव जातो. आपांचा नियम एकच: “वल्ला रंग खरवडायचा न्हाई, सर. चुकलं तर वाळू द्या, मग वरून लावा.” का, विचारलं तर त्या कुंचले धुऊ लागल्या.

१७ नोव्हेंबर
आपा लेकीच्या बाळंतपणाला वसमतला गेल्यात. चित्रातल्या डाव्या कानाचं पार भजं झालं होतं. ते आठवडाभर कोण बघणार? रंगसुरीने खरवडून टाकलं. झकास!
संध्याकाळी साधनाला डावीकडून हाक मारली. तिला ऐकूच आलं नाही.

१८ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहे. मला भलतीच शंका आली. घरी येऊन चित्रातला कान पुन्हा रंगवला, आणि साधना दचकली. ऐकू येतंय म्हणाली, पण पाण्याखालून आल्यासारखं. मला कान तेवढाच जमलाय.
आपांना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, अब्बांनी अम्मीच्या चित्रातला डोळा एकदाच खरवडला होता. “आता हात लावू नका सर. मी परवाच्या बसनं येऊन राहिले.”

१९ नोव्हेंबर
भीती वाटते. चित्रातले ओठ वाकडे आहेत. असेच वाळले तर साधनाचेही— राहवलं नाही. फक्त कड खरवडणार होतो—
स्वयंपाकघरात ताट पडलं. तिच्या तोंडाच्या जागी नुसती कातडी.

लगेच नवे ओठ काढले. हसरे. मला हसरेच येतात.

२० नोव्हेंबर
ती रडतेय. ओठ हसतायत. हलत नाहीत. घास नाही, शब्द नाही—
खुणेने सांगते, पुसा. वाळू दे म्हणालो. मान हलवते. हसत.
आपांची बस अजून—

तिनेच सुरी उचलली, चित्रापुढे उभी राहिली. हिसकावली तर भलतीकडे लागेल. म्हणून इथेच बसून लिहितोय, हलत नाही— ओठ निघाले. बास, साधना. हनुवटीखाली नको, सुरी घसरतेय, तिथे गळा—