माईच्या गंगावनाचा अहवाल

कुळगाव, बदलापूर
१४ डिसेंबर

तीर्थस्वरूप यज्ञेशदादास राजसीचा नमस्कार.

तुझी प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते, कारण मस्कतहून दर रविवारी तू फोनवर जे जेवण सांगतोस ते आजारी माणसाचं नाही. इकडे आम्ही दोघी, म्हणजे तुझी आई आणि तीन वर्षं तिच्याकडे राहणारी मी तिची भाची, ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी मोजून वापरला आहे. त्यामागची हकिगत फोनवर सांगता येत नाही. माई फोन स्पीकरवर ठेवते आणि ऐकायला शेजारच्या भिमाबाई बसतात. (शेवट चांगला आहे. तू दुसऱ्याच ओळीला घाबरतोस म्हणून आधी सांगितलं.)

अंबरनाथच्या प्रयोगशाळेत मी अतिसूक्ष्म प्रमाणातले धातू मोजते हे तुला माहीत आहे. यंदा आम्हाला एक प्रकल्प मिळाला. बायकांच्या केसांतलं जस्त, तांबं, कॅल्शियम मोजून स्तनाच्या कर्करोगाची शंका लवकर घेता येते का, ते पाहायचं. येते असं अजून पक्कं झालेलं नाही, म्हणून तर पाहायचं. नमुना मानेजवळचा, मुळापासून तीन सेंटिमीटर, कलप न लावलेला. शिवाय नियम चौथा: प्रत्येकीने डॉक्टर संजीवनींकडून पडद्याआड तपासून घ्यायचं, कारण केस सांगतात ते खरं की खोटं हे ताडून पाहायला दुसरं काहीतरी हवंच. तपासणीची चिठ्ठी नसेल तर अहवाल नाही.

कुळगावात शिबिर लावलं. केस द्यायला सगळ्या तयार, पडद्याआड जायला कोणी नाही. पहिल्या दिवशी चौदा जणी आदल्याच संध्याकाळी केस काळे करून आल्या; शिबिराला जायचं तर जरा बरं दिसायला नको का. भिमाबाईंनी तीन वर्षांचे गुंते पिशवीत भरून आणले (केसांवर भांडी देणारी दारावर येते, तिच्यासाठी साठवलेले) आणि विचारलं, "एवऱ्या केसांवर टोप नाय देत तू?" प्रकल्पात टोपाची तरतूद नव्हती. उरलेल्या केसांवर कोणी करणी करणार नाही, असं मी अठ्ठावीस जणींना सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. विज्ञान शाखेच्या पदवीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता माई. ऑगस्टपासून ती कपडे एका हाताने वाळत घालू लागली होती. मी विचारलं, तर म्हणाली डाव्या बाजूला दाण्याएवढं काहीतरी आहे, चरबी असेल. मी डॉक्टर म्हटलं की ती कुकर लावायला जायची. दिवसातून तीनदा कुकर लागू लागला. महिनाभर मी पातळ वरण खाल्लं आणि त्या महिन्यात मला झोप किती लागली याची नोंद माझ्याकडे आहे, ती इथे देत नाही.

एके दिवशी माझ्या टेबलावर पाकीट. आत मोजून तीन सेंटिमीटर केस आणि चिठ्ठी: 'माझेही बघ. यात कपडे काढायचे नसतात म्हणून देते आहे.' केस काळेभोर. माईचे तुझ्या दहावीपासून पांढरे. सूक्ष्मदर्शकाखाली केसावर खवले दिसतात. इथे एकही नाही, सरळसोट गुळगुळीत तार. मी अकरा वेळा पाहिलं. एकदा पाहून पुरलं असतं.

तिचं म्हणणं असं, की तुझं लग्न ठरेपर्यंत केसांना कात्री लावायची नाही असा तिचा नवस आहे, म्हणून तिने वेणीत गुंफायचं गंगावन कापलं. तुझ्या मुंजीच्या वेळी आणलेलं ते गंगावन चोवीस वर्षं तिच्या डोक्यावर आहे, म्हणजे तिचंच.

मी म्हटलं, "माई, नायलॉनला कर्करोग होत नाही."

तिने गंगावन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. आता गाठीचं बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "हरेश सौ टका असली म्हणाला होता."

हरेश म्हणजे उल्हासनगर कॅम्प एकमधला गंगावनवाला. माईला त्याच्या तोंडावर फेकायला लेखी अहवाल हवा होता, शिक्क्याचा. मी तिला नियम चौथा दाखवला. (नियम मीच लिहिला होता, पण एखाद्या नियमावर इतकं प्रेम करण्याची माझी ही पहिलीच वेळ.) दुसऱ्या दिवशी माई हरेशच्या रागात थेट पडद्याआड गेली. डॉक्टर संजीवनी बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता हात धुवायला गेल्या. तेव्हाच मला कळलं.

पुढचं थोडक्यात. गाठ अकरा मिलिमीटर, कर्करोगाचीच, पण अगदी लवकर सापडलेली. ऑपरेशन झालं, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या, केमो नको म्हणाले. रेडिएशनच्या पंधरा खेपा गेल्या शुक्रवारी संपल्या. प्रत्येक खेपेला सोबत भिमाबाई.

आणि शनिवारी माई अहवाल घेऊन कॅम्प एकला. मी दोन पावलं मागे. हरेशने अहवाल दोन्ही बाजूंनी वाचला आणि शांतपणे म्हणाला, "माई, चौबीस साल में एक बाल भी झड़ा क्या?" माईने त्याच्या हातून अहवाल परत घेतला आणि घडी करून पिशवीत ठेवला. त्याने चहा पाजला, नवं गंगावन दिलं. ते तिने आधी माझ्या हातात ठेवलं: तपास.

गंमत पुढे आहे. अहवालाची बातमी ऑपरेशनच्या आधीच कुळगावभर झाली होती, आणि पुढच्या शिबिराला बायका आपापली गंगावनं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीला नियम चौथा. सत्तेचाळीस जणी पडद्याआड जाऊन आल्या. दोघींना पुढच्या तपासणीला पाठवलं, दोघी सुखरूप. गंगावनं मात्र एकूण एक नायलॉनची.

तुझी
राजसी

ता. क. केसांचे आकडे आले. जस्त सर्वांत जास्त निघालं ते कोंड्याचा शाम्पू वापरणाऱ्या दोन बायकांचं (त्या शाम्पूतच जस्त असतं). बाकी केसांवरून काही ओळखता येतं का, हे मला आजही माहीत नाही. अहवालात तसंच लिहिलं आहे.

दुसरा ता. क. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माईने आपल्याला नुसती सर्दी झाल्याचं तुला सांगितलं. मी शेजारीच होते; तुला काही कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. ती शपथ आज मोडली. रविवारी फोन कर. गाठीचं विचारू नकोस, गंगावनाचं विचार. गाठीवर ती आपणहून येईल.

तिसरा ता. क. माईच्या खऱ्या केसांचा नमुना अजून मिळालेला नाही. तुझ्या लग्नाचा नवस कायम आहे. ज्या हिमानीचा फोटो माईला दाखवू नकोस असं तू मला बजावलं होतंस, तो रविवारी तूच दाखव. प्रकल्पाची मुदत ३१ मार्च. मला फक्त तीन सेंटिमीटर हवेत.