न प्यायलेली दारू

आबा,

मी आजवर दारूचा एक थेंबही तोंडात घेतलेला नाही. हे तुम्हाला सांगायची वेळ यावी याचाच मला संताप येतो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज राजुरीत कुणालाही विचारा, तुमचा थोरला कसा आहे, तर सांगतील की माणूस सोन्यासारखा, हातात कला आहे, पण घेतो. सकाळपासून घेतो. आळेफाट्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, विहिरीच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं. तिथले लोक तर माझ्या चालण्यावरून किती झाली असेल याचा अंदाज बांधतात. अकराच्या सुमारास मी दुकानाची पायरी उतरताना डावीकडे झुकतो, भिंत धरतो, आणि समोरच्या चहाच्या हॉटेलातली माणसं एकमेकांकडे बघून हसतात. मला दिसतं ते. एका डोळ्याने का होईना, दिसतं.

मला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपल्याकडे कुणाला सांगून कळेल असं याला नाव नाही. लकवा म्हणावा तर तो नाही, वात नाही, मणक्यातली गॅप नाही. आठ वर्षांपूर्वी डावा डोळा धुरकट झाला, मला वाटलं नंबर वाढला. महिन्याभरात तो आपोआप निवळला, पण पुरता नाही. मग कमरेखाली मुंग्या आल्या, मग बोटं बधिर झाली. पुण्याला नेऊन एमआरआय काढला. तिथल्या डॉक्टरीणबाई कागदावर चित्र काढून समजावू लागल्या की नसांवर एक आवरण असतं आणि शरीर स्वतःच ते खातं. मी म्हणालो, बाई, चित्र राहू द्या, तारेवरचं इनॅमल गेलंय ना? मग करंट कुठेही फुटणार. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. मी विचारलं, अशी मोटार माझ्याकडे आली तर मी जुनी तार कापून काढतो आणि नवी भरतो, इथे काय करायचं? त्या म्हणाल्या, इथे रिवायंडिंग होत नाही. गोळ्यांनी पुढचं जळणं लांबवायचं आणि राहिलेली तार जपायची.

जपायची म्हणजे काय, हे मला कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. सकाळी सात ते दहा मी माणूस असतो. दुकानाचा पत्रा तापला की अंगातून कुणीतरी जोर काढून घेतल्यासारखं होतं. ओला टॉवेल मानेवर टाकून बसतो. डावं पाऊल उचललं जात नाही, फरफटत येतं. चप्पल कधी निसटली ते कळत नाही, परवा स्टँडपर्यंत एकाच चपलेवर गेलो आणि मागून एक जण ओरडत आला, "ओ भाऊ, एक हितंच ऱ्हायली की!" लघवीची कळ आली की थांबता येत नाही, दोन-तीन मिनिटांत जागा गाठावी लागते. आळेफाट्याला दोन-तीन मिनिटांत माणूस कुठे जाणार? उभ्या ट्रकच्या आडोशाला जातो आणि तिथून झोकांड्या देत बाहेर येतो, म्हणजे बघणाऱ्याला काही शंकाच उरत नाही. मोटारीचे वेढे मी बोटांवर मोजायचो, आता बोटांना तार लागत नाही. तुमची थोरली सून शेजारी बसून वेढे भरते आणि मी नुसता तोंडाने कारागीर आहे. डॉक्टर म्हणतात, गारव्यात चाला. पहाटे मळ्यात उसाच्या कडेने चालायचं म्हणजे बिबट्याला आमंत्रण, म्हणून अंगणातच घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो. आणि आजाराचं कानावर गेलेला नात्यातला प्रत्येक जण औषध सांगतो. येडगावचे पाहुणे म्हणतात धरणातली मासळी खा, कुणी म्हणतं तेल चोळा, कुणी म्हणतं बाहेरचं आहे, बघून घ्या. वर म्हणतात, "दिसायला तर ठणठणीत हाय राव तुमी!" दिसायला ठणठणीत असणं हा या आजाराचा सगळ्यात मोठा जाच आहे. हात मोडला असता तर प्लॅस्टर तरी दाखवलं असतं.

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. मी सतरा वर्षांचा होतो. फाट्यावरच्या एका हॉटेलात मी मित्रांबरोबर बसलोय, टेबलावर त्यांची बाटली आहे, माझ्यासमोर लिंबू सोडा. तुम्ही टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन टेम्पोतून जाताना मला बघता. तिथे काही बोलत नाही. घरी आल्यावर विहिरीपाशी, आईसमोर म्हणता, "तोंड उघड." मी उघडतो, तुम्ही वास घेता, वास नाही. मला वाटतं सुटलो. आणि तेवढ्यात कानाखाली बसते. "पेला न्हाईस, पर पेणाऱ्यावानी दिसलास. लोक काय वास घ्याया जवळ येत न्हाईत." तेव्हा मला हा शुद्ध अन्याय वाटला होता. ताडाखाली बसून ताक प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात, ही म्हण माझ्या गालावर बसली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

तुमच्यातली दुसरी गोष्ट मात्र तेव्हाच शिरली होती. गावात कुणाच्या घरी सोयरीक व्हायची असली की समोरची माणसं गुपचूप चौकशीला यायची, आणि फिरून फिरून तुमच्यापाशी यायची, कारण तुम्ही खोटं सांगत नाही अशी पंचक्रोशीत ख्याती. चुलत्यांच्या मुलासाठी स्थळ आलं तेव्हा ते पाहुणे आपल्या स्वयंपाकघराच्या दारात बसले होते, आई भाकऱ्या थापत होती, आणि तुम्ही सरळ सांगितलंत, "पोराला फिट येत्यात. औषीद चालू हाय. कामाला वाघ हाय. आता तुमचं तुमी बगा." ते उठून गेले. चुलते चार वर्षं बोलले नाहीत. आई चिडली, तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. तुम्ही तिला म्हणालात, "सोयरिकीत खोटं बोललं की ते खोटं पोरीसंगं नांदाया जातं." त्या चुलतभावाचं लग्न पुढे झालं, उशिरा, सगळं माहीत असलेल्या घरी. चांगलं झालं. पण ते तुमच्यामुळे झालं असं कुणीच म्हटलं नाही.

आता माझ्याच मुलीचं ठरत होतं. ती नारायणगावला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. घोडेगावकडचं स्थळ, मुलगा चाकणला कंपनीत, घरी फक्त आई. दोघं एकमेकांना भेटली, आवडली, फोनवर बोलायला लागली. रीत चुकत नाही, त्यामुळे मुलाचा मामा चौकशीला आला आणि माझ्या दुकानासमोरच्याच हॉटेलात चहा घेत बसला. तिथे त्याला जे मिळायचं ते मिळालं. तो तसाच घरी आला. माणूस सरळ होता, त्याने आडपडदा न ठेवता विचारलं, "यजमान घेत्यात म्हणं?" मी तिथेच खुर्चीत बसलेलो, हातात पाण्याचा ग्लास, तो सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. तुमचा धाकटा माझ्या आधी बोलला. म्हणाला, "घेत्यात थोडी. पर कुनाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई." तुमच्या सुनेने पदराचं टोक मुठीत धरलं आणि खाली बघितलं. मामा उलट मोकळा झाला. "आमच्यात बी हायेत की," तो म्हणाला, "पर आता लेकीचं लगीन करताय, सोडा." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सोडतोय. हळूहळू."

तो गेल्यावर धाकट्याने मला समजावलं, जणू मला कळत नव्हतं. "आजार सांगितला आस्ता तर म्हनले आस्ते, पोरीच्या रक्तात हाय. दारू काय, निम्म्या तालुक्यात हाय." डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की पोरीला होण्याची शक्यता अगदी थोडी. पण तेवढं ऐकून घ्यायला थांबतं कोण? तुमचा मुलगा, तुमच्याच घरात, सोयरिकीत खोटं बोलून गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी लॅबचा कोट अंगात तसाच ठेवून दुकानात आली. वायरचं भेंडोळं बाजूला सारून माझ्यासमोर उभी राहिली. "पप्पा, तुम्ही दारू पिता असं तुम्हीच सांगितलंत?" मी म्हणालो, तुझ्यासाठीच. ती इतक्या जोरात ओरडली की समोरचे हॉटेलवाले बाहेर आले. "मला विचारलं का कुणी? मी त्याला पहिल्या भेटीतच सांगितलंय तुम्हाला एमएस आहे म्हणून. त्याने त्याच्या आईलाही सांगितलंय. ती म्हणाली, आजार काय कुणालाबी होतो. आणि आता ती म्हणते, दारूच्या घरची पोरगी नको." मुलाचा बाप दारूने गेला होता, आबा. मामाला जे क्षुल्लक वाटलं त्यात त्या बाईने बावीस वर्षं काढली होती. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. धाकट्याने घाईघाईने फोन करून सांगितलं की ते पीत नाहीत, आम्ही उगाच म्हणालो. तिकडून ती बाई म्हणाली, "पेणाऱ्याच्या घरचे आसंच म्हनत्यात. मी बी म्हनायची."

मग मीच गेलो. सकाळी सातलाच निघालो, ऊन चढायच्या आत, धाकट्याच्या पिकअपमधून, मांडीवर रिपोर्टांची फाइल. पोरगी बरोबर होती, माझ्याशी न बोलता. त्यांच्या ओट्यावर चढताना माझा पाय उंबऱ्याला अडला आणि मी पडलो, चांगला गुडघ्यावर आपटलो. मनात म्हटलं, झालं, आता फाइल काय उघडायची. ती बाई दारात उभी राहून बघत होती. मदतीला पुढे आली नाही. मी बसल्यावर फाइल पुढे केली, तिने हातही लावला नाही. म्हणाली, "कागद ऱ्हाऊ द्या. पेलेला मानूस पडताना हात फुडं करीत न्हाई, पोत्यावानी पडतो. तुमी दोनी हात टेकले. आन् पेलेला मानूस पायाकडं बगून चालत न्हाई, तुमी पावलापावलाला बगताय." मी आठ वर्षं ज्यांच्यासमोर चालतोय, त्या आख्ख्या आळेफाट्याला जे दिसलं नाही ते तिला ओट्यावरच्या चार पावलांत दिसलं. पोरगी रडायला लागली. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

बाईने चहा ठेवला. मग परत येऊन बसली आणि म्हणाली, "पोरगी मला पसंत हाय. आजाराचं म्हनाल तर जे व्हईल ते बगू. पर एक सांगा. पीत न्हाई, तर 'सोडतोय' का म्हनला? नुसतं गप बसायचं व्हतं." सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, पोरीच्या लग्नासाठी. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसत होतं.

लग्न ठरलं आहे. तुम्ही असता तर खूश झाला असता, आणि मग मला चार माणसांत बोल लावला असता. गावात आता नवीच बातमी आहे की विहीणबाईंनी दम भरला म्हणून मी दारू सोडली. परवा अकराला पत्रा तापला, मी पायरी उतरताना भिंत धरली, आणि समोरून कुणीतरी म्हणालं, "केली का पुन्यांदा चालू?" मी हातातला पाना त्याच्या अंगावर फेकणार होतो, पण बोटांनी तो नीट धरलाच गेला नव्हता, तो माझ्याच पायापाशी पडला. तुमच्या सुनेने तो उचलला आणि म्हणाली, "आत चला." माणसाला चिडायलाही हात चालते लागतात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते काही ठरवलेलं नाही. दुकानात मोटारींच्या कनेक्शनचे कागद ठेवतो त्या खणात ठेवीन, तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. पण त्या बाईला जे सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याशी खोटं बोलून आता काय मिळणार. पोरीसाठी म्हणालो हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मामा म्हणाला, "सोडा." आठ वर्षांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं. सगळे जपा म्हणतात, सांभाळा म्हणतात, सवय करून घ्या म्हणतात. सोडा असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, जणू ते माझ्या हातात आहे. आणि मी "सोडतोय" म्हणालो तेव्हा, आबा, दोन क्षण मला ते खरंच वाटलं होतं.