मार्गशीर्ष वद्य एकादशी आणि रिकामा रकाना

२ नोव्हेंबर, प्रातःकाळ
(इंग्रजी तारीख केवळ सोयीसाठी.)
श्रीगजाननाच्या कृपेने लेखणी सरळ चालो. आता विषय. नागपुरातल्या जरीपटका वस्तीतल्या आमच्या मंदिरातले वार्षिक प्रवचन यंदा प्रथमच माझ्याकडे आले. अध्यक्ष महादेवराव म्हणाले, मंडप भरला तर व्यासपीठ कायमचे तुमचे. न भरला तर गोपाळरावांचे. गोपाळराव! ज्यांचा वेदान्त तर्री-पोह्यांच्या दृष्टान्तापलीकडे जात नाही!
वेबसाइटवर निवेदन लिहिले: ‘मार्गशीर्ष वद्य एकादशीस, सायंसंध्येनंतर.’ खालचा, यंत्रांनी वाचायचा तारखेचा रकाना रिकामा ठेवला.

३ नोव्हेंबर
सूनबाई वैभवीचे अ‍ॅप मंदिरांच्या वेबसाइट वाचून भक्तांना तारखा कळवते. म्हणाली, बाबा, काहून अडून राहिले? तुम्ही एकदा रकाना भरा, नाहीतर वाचणाऱ्या प्रत्येक यंत्राला अंदाज बांधत बसावं लागते. मी म्हणालो, सक्ती केलीस तर निम्मी मंदिरे लिहिणेच सोडतील. तिने मान्य केले. म्हणूनच सक्ती नाही म्हणे. विजय.
अ‍ॅपमध्ये काय दिसते ते तरी पाहा, म्हणाली. पाहिले नाही. तिथी शुद्ध आहे. समजून घेणे हा वाचकाचा धर्म.

१५ नोव्हेंबर, सायंकाळ, उमरेड
मेहुण्याकडे. प्रवचनास महिना अवकाश. दृष्टान्त घोटतो आहे.
मंदिराशेजारच्या तुळसाबाईंचा फोन: कुठी हाय जी महाराज? मंडप भरून राह्यला, अन् तुमचाच पत्ता नाही! थट्टा वाटली. मग वैभवीचा फोन. यंत्राने हिंदी पंचांग लावले. त्यात पौर्णिमेनंतरच महिना बदलतो, आमच्यात अमावास्येनंतर. त्यांची मार्गशीर्ष वद्य एकादशी आज, आमची पुढच्या महिन्यात. नागपुरात दोन्ही पंचांगे नांदतात हे मला ठाऊक होते. यंत्राला असायला हवे होते.
एस.टी. धरतो.

१६ नोव्हेंबर
पोचलो तेव्हा आरती झालेली. गोपाळराव सहज दर्शनाला आले होते म्हणे. बसले आणि बोलले. तर्री-पोहे लोकांना फार रुचले.
चिंता नाही. खरी एकादशी माझीच. शुद्धिपत्र लिहिले, संस्कृतप्रचुर. रकाना? तत्त्व सोडणार नाही.

१५ डिसेंबर
मंडपात वैभवी, तुळसाबाई, महादेवराव आणि गुंडाळलेल्या सतरंज्या. लोक म्हणतात, प्रवचन तर मागेच झालं ना! तुळसाबाई म्हणाल्या, बोला जी, मी काई उठून नाही राह्यली. पूर्ण बोललो. महादेवरावांनी नमस्कार केला आणि सांगितले: व्यासपीठ गोपाळरावांकडे, वेबसाइट तुमच्याकडे.

१६ डिसेंबर
गोपाळरावांच्या पुढील प्रवचनाचे निवेदन लिहिले. रकाना भरला. आकड्यांत. अ‍ॅपमध्ये कसे दिसते तेही पाहिले, दोनदा.
जो वाचील, मनुष्य असो वा यंत्र, त्याचे मंगल होवो. आणि त्यास अंदाज बांधण्याची वेळ न येवो.