डाव्या हाताची अलाबला

९ ऑक्टोबर, गुरुवार
डावा हात मोडला. स्टुलावर चढून पपई तोडत होती. हे खालून ओरडून राह्यले, "उतर वो, पडशीन!" अन् पडलीच. काडकन वाजलं, मले वाटलं स्टूल गेलं. स्टूल धड, पपई धड, मनगट गेलं.
आता लेकीचं, स्वातीचं, बाळंतपण इथं होत नाही. तिच्या सासूचा गोंदियाहून फोन : "काळजी नका करू विहीणबाई, आम्ही आहो ना." बाई खरंच चांगली आहे. त्याचाच तर राग येते.

२७ ऑक्टोबर, सोमवार
नात झाली!! दोघी खुशाल.
जावयानं व्हिडिओ पाठवला. विहीणबाईनं पोरीची अलाबला घेतली : तोंडावरून हात फिरवले अन् कानशिलावर बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली! फोनमधून ऐकू आली, फटाक्याची लड जशी. माही आई म्हणे, जितकी बोटं वाजतात तितकी माया.
अन् मी इथं प्लास्टर घेऊन. हे म्हणतात, "मोजायले कोण बसलं आहे?" मी बसली आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
प्लास्टर निघालं. हात दुसऱ्याच कोणाचा वाटते. मूठ होत नाही. व्यायामवाल्या पोरीनं स्पंजचा बॉल दिला, दाबत राहा म्हणे. इचारलं, बोटं कधी वाजतील?
"आंटी, उंगलियाँ चटकाना अच्छी आदत नहीं है."
आता हिले काय सांगू!

२९ नोव्हेंबर, शनिवार
नातीचं झबलं शिवलं. टिचबटणं दाबायले डावा अंगठा लागते. तीनदा घसरला, मंग टिच्च! बसलं. ह्यांले हाक मारून दाखवलं.
तोंड समोर होतंच, म्हणून ह्यांचीच अलाबला घेऊन पाह्यली. उजवी चार वाजली. डावीकडं सामसूम.
"अर्धी नजर राहू दे," हे म्हणाले. "या वयात कोण पाह्यते माह्याकडं?"
उठताना ह्यांचा गुडघा कट्कन वाजला. "पाह्य, तुह्या बोटांपेक्षा माह्या गुडघ्यात जास्त माया आहे." हसता हसता पोट दुखलं.

१३ डिसेंबर, शनिवार
उद्या स्वाती, जावई, पोट्टी येऊन राह्यले. वि. बाई बी. लाडू झाले, पाळणा धुतला. बॉल दाबून दाबून हात दुखला, एक बी बोट बोलत नाही. हे म्हणाले, "नसंन वाजत तर नसंन." फाडकन बोलली मी त्याईले. मंग रडली बी. पोरीच्या जन्माले मी नव्हती, आता पोट्टी आली तरी मुक्या हातानं घ्यायची का?
ह्यांनी चहा करून आणला. साखर विसरले. पिली.

१४ डिसेंबर, रविवार
वाटेतलं राजेगाव सुटल्यावर त्याईचा फोन आला, तेव्हापासून दारातच उभी. भाकरतुकडा ओवाळला, पोरीले मांडीवर घेऊन सतरंजीवर बसली. नाक ह्यांचंच. बिचारी!
दोन्ही हात तोंडावरून फिरवले, कानशिलावर नेले. उजवी कडाकडा. डावी दाबली... तेवढ्यात हे नातीले पाहाले बाजूले बसले, अन्
कट्!
"वाजलं!" स्वाती ओरडली. वि. बाई म्हणे, "माय वो, डाव्याचंच!" अन् माह्या गळ्यात पडली. रागाले आता जागाच नाही राह्यली. हे तसेच, गुडघ्यावर हात ठेवून.
जावयानं याचा बी व्हिडिओ काढला, तो चारदा पाह्यला. नेमक्या त्याच वेळी पोट्टी भोकाड पसरते, काही ऐकू येत नाही.
जेवताना हळूच इचारलं, "खरं सांगा, तुमचा गुडघा होता का?"
"मले काय माहीत? मी नातीकडं पाहून राह्यलो होतो."
महिनाभर आहे पोट्टी. उद्या पुन्हा घेते अलाबला. ह्यांले आधीच खुर्चीवर बसवून ठेवते.