अल्बमचं नाव ‘जाते’

मंगळवार, ४ मार्च

शेजारच्यांनी पुन्हा ड्रिल लावलं! ‘लिफ्ट बंद आहे’चा अख्खा टेक पाण्यात. जिने चढताना धापा टाकत सुचलेलं गाणं ते. त्यात धापा चालतील, ड्रिल कसं चालेल? भिंतीवर थाप मारली, तर पलीकडून उलट थाप. तीही तालात, मेली!

बुधवार, ५ मार्च

रेकॉर्डिस्टकाकांचं तेच पालुपद — “अगं, शेवटच्या गाण्यात दुसरा आवाज हवाच. भुंडं वाटतंय. ताईला बोलव ना.”

नाही बोलवणार. ते गाणंच मुळी ताईवर आहे!

लहानपणापासून दोघी एकत्र गातोय. मी वरचा सूर, ती खालचा. अल्बममध्ये गातेस का विचारलं, तर आठवडाभर “बघते… नवीन नोकरी आहे गं… बघते.” मग एका सकाळी मी हेडफोन लावून ‘मोजे’चा कच्चा टेक घेतेय आणि ऑफिसला जाता जाता ही खोलीच्या दारात, खांद्याला पर्स. मी हातानेच ‘थांब’ म्हटलं. ती एक शब्द बोलली, पाठ वळवली आणि गेली. ऐकू नाही आलं, पण ओठ दिसले — ‘जाते.’

जाते! घरातून निघताना असं म्हणतं का कुणी? ‘जाते नाही, येते म्हणावं’ — आईने दोघींनाही हजारदा टोकलंय. म्हणजे मुद्दामच म्हणाली. त्या दिवसापासून मी फोन केला नाही, तिनेही नाही. गाणं तेवढं एका बैठकीत झालं. अल्बमला नावही तेच दिलं. लागलं तिच्या जिव्हारी तर लागू दे.

रविवार, ९ मार्च

मुलाखत. मुलाखतकार म्हणे, “ही सगळी गाणी एकाच ब्रेकअपवरची ना?”

कपाळ माझं! ‘मोजे’ बाबांवर आहे — दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून ऑफिसला जातात, वर आम्हालाच विचारतात, “यातला बरोबर कुठला?” ‘जाते’बद्दल विचारलं तेव्हा मात्र घाईघाईने म्हटलं, “पुढचा प्रश्न.” तो खूश! त्याला मथळा मिळाला.

मंगळवार, ११ मार्च

आईचा फोन. “ताई विचारत होती, रेकॉर्डिंग कधी आहे?”

तिला काय करायचंय? म्हटलं, “सांग, संपलं.” आई “तुम्ही दोघी म्हणजे ना…” म्हणाली आणि फोन ठेवलाच. तोवर इकडे चहा उतू गेला. ओटा पुसता पुसता रडले. चहासाठी नाही.

गुरुवार, १३ मार्च

गाणं भुंडं आहे. काकांचं बरोबर आहे. आज दोन्ही सूर मीच गाऊन बघितले. खालचा मला जमतच नाही — घोगरी म्हैस! ताईची आठवण येते. झालं, लिहिलं एकदाचं.

काका म्हणाले, “‘मोजे’च्या त्या कच्च्या टेकच्या शेवटी तिचा आवाज आलाय बघ. माइक चालूच होता.” तो टेक मी कधी शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता. हिंमतच नव्हती. आज ऐकला. गिटारच्या तारा झणझणतायत आणि त्यात बुडालेलं पुसटसं ‘…ते’.

म्हटलं, “साफ करा आणि ‘जाते’च्या सुरुवातीलाच लावा. तिच्याच आवाजात ऐकू दे सगळ्यांना!” काकांनी चष्म्यावरून बघितलं नुसतं.

शनिवार, १५ मार्च

काकांनी साफ केलेला तुकडा पाठवला. हेडफोन लावून ऐकला. पुन्हा ऐकला.

“गाते.”

मग पावलं. मग बाहेरच्या दारापाशी — “कधी यायचं ते कळव हं. येते!”

फोन लावलाय. रिंग जातेय.