भोपळ्याची खोड

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. रागात असले तरी ते आधी लिहायचे असतात, म्हणून लिहिले.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. भोपळ्या शेपटीखाली सारखा चाटत होता, तिथे लाल झालं होतं, इथवर कळलं. पण म्हणून त्याला सलूनमध्ये नेऊन तिथले केस वस्तऱ्याने काढलेस? वर तुरटी फिरवलीस, आणि त्यावर आफ्टरशेव्ह? कुत्रा आहे तो, तुझं गिऱ्हाईक नव्हे. आणि जरा विव्हळला म्हणून लिहितोस.

लेकीच्या बाळंतपणाला निघताना चार पानं सूचना लिहून दिल्या होत्या. त्या वाचायचे कष्ट घेतले नाहीस. हे गेल्यापासून आठ महिने त्या घरात मला दुसरं कोण आहे? त्याला काही झालं तर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.

लोभ किती उरला ते तुझ्या उत्तरावर.
ताई

ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक झाली. लोशन लावल्यावर तो कपाटाखाली शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटेना. पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याला पुलापलीकडच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शेपटीखाली दोन बाजूंना दोन बारीक पिशव्या असतात म्हणे. त्या तुंबल्या की आग होते, मग कुत्रा चाटतो, बूड घासतो. माझ्या वस्तऱ्याने कातडी सोलली हे खरं, पण दुखणं जुनं आहे. आता तुझी चार पानं आठव. तिसऱ्यावर तूच लिहिलंयस की त्याला गालिच्यावर बूड घासत जायची वाईट खोड लागली आहे, दिसला की दटाव. मी दटावलं. तू किती महिने दटावत होतीस?

बाईंनी त्याला फाटक्या कानावरून ओळखलं. भावोजी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याला तिथे न्यायचे, त्या पिशव्या पिळून घ्यायला. आठ महिने आला नाहीत म्हणून बाई माझ्यावरच कडाडल्या. भावोजी गेले हे त्यांना मी सांगितलं. एवढी मोठी गोष्ट तू लिहून ठेवली नाहीस, याचा मला फार राग आला आहे.

जखम सुकते आहे. रागावर औषध नाही, तरी लोभ ठेव.
धाकटा

ता. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

मला माहीत नव्हतं. पहिल्या रविवारी हे भोपळ्याला फिरवून आणतो म्हणून निघत, ते थेट जेवायला उगवत. मला वाटायचं मित्रांकडे पत्ते कुटत बसतात. किती भांडले त्यावरून. एकदा आठवडाभर अबोला धरला. हे नुसते हसायचे.

का बोलले नाहीत, ते काल बाळाचा लंगोट बदलताना आठवलं. कुत्रा घरी आणला तेव्हा मीच बजावलं होतं, की त्याचं घाणेरडं काही माझ्या कानावर घालायचं नाही. कपाटाचं दार दुरुस्त करा म्हणून दहा वर्षं सांगत होते, ते ऐकलं नाही. हे तेवढं शब्दशः पाळलं. आणि मी त्या मुक्या जिवाला आठ महिने झाडू दाखवत राहिले.

तुझ्यावर राग नाही. यांच्यावर आहे, आणि भांडायला माणूस समोर नाही.

पहिल्या रविवारच्या आत येते. बाईंना सांगून ठेव, ते पिळायचं कसं हे मला शिकायचं आहे. भोपळ्याला मीच घेऊन जाईन, आणि जेवायलाच परतेन.

लोभ आहेच. वस्तरा मात्र दुकानातच ठेव.
ताई