वेण्यांचं पान

ठमे,

उठलीस की हे वाच.

एका घरात एक मुलगी राहते. तिची आई पुस्तकासाठी देशोदेशीच्या मुलांची चित्रं काढते. कुणी होडीतून शाळेत जातं, कुणी उंटावर डुलक्या घेतं. शेवटच्या पानावर आईनं आपली लेकच काढली, दोन लांब वेण्यांसकट. काल लेकीनं त्या कापल्या. आई कडाडली, "भवाने, मग पानावरची ही कोण?" लेक रुसून उपाशीच झोपली. सकाळी उशीवर तिची मान इतकी हलकी दिसली, की आई बघतच राहिली. चुकलंच आईचं.

छापखान्यात जातेय, ते पान थांबवायला. दुपारी तुला समोर बसवून नवं काढेन. दूध झाकून ठेवलंय. मागचे केस वाकडेतिकडे कापलेस, तिथं आता कात्री लावू नकोस. मला तसेच काढायचेत.